खालच्या पट्टीतले रायर

चेन्नईला बदली झाली तेव्हा नुंगंबाक्कममधलं घर दाखवणाऱ्या एजंटाने मला जिन्याशीच थांबवून सांगितलं होतं, की जागा हवेशीर आहे, पाण्याची अडचण नाही, मालक-मालकीण सज्जन आहेत, फक्त मालक गातात. मी म्हटलं, गाऊ देत की. मद्रासकडे घरोघरी कुणी ना कुणी गातंच, असं मी सांगलीत असल्यापासून ऐकून होते. संध्याकाळी खालून तंबोरा ऐकू येईल, कुणीतरी डोळे मिटून आळवत असेल, बँकेतून दमून आल्यावर बरंच वाटेल, अशी माझी कल्पना.

मालक बाहेर आले. साठीच्या जवळपासचे, उंच, अंगाने काटक. कमरेला तिकडे नेसतात तशी पांढरी वेष्टी, अंगात काळा शर्ट, कपाळावर गंधाची बारीक रेघ आणि पाठीवर रबर लावलेली पांढऱ्या केसांची शेपटी. माझं लग्न झालंय का, मी मांस-मच्छी खाते का, नवरा कुठे असतो, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. एकच प्रश्न विचारला, आणि तोही मराठीत.

"तुम्हीं सांजेला पांच ते सहा घरीं असतां?"

मी म्हटलं, बँकेतून यायला मला सात वाजतात.

"मग या. पांच ते सहा मी ओरडतों."

आपले घरमालक हार्ड रॉक गातात, हे मला असं कळलं.

त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या तंजावरकडे राहिलेलं. तिकडच्या मराठी माणसाला तमिळ लोक 'रायर' म्हणतात, आणि आमच्या गल्लीत त्यांचं दुसरं नाव कुणाला माहीतही नव्हतं. त्यांच्या मराठीत शब्द पोथीतले आणि हेल तमिळ असे. वाक्य शेवटी असं वर जाई, की साधं सांगणंही विचारल्यासारखं वाटे. 'सगळं' याला ते 'अस्कं' म्हणत. मी जिना चढताना दिसले की विचारत, "कायि करूलांत?" म्हणजे काय करताय. पहिले काही दिवस मी त्यांना रीतीप्रमाणे काका म्हणत होते. एकदा त्यांनी हात जोडून विनंती केली, की एवढं म्हणू नका. तमिळमध्ये काक्का म्हणजे कावळा, आणि माझ्या आवाजाबद्दल लोक आधीच तसं बोलतात. तेव्हापासून मीही रायरच म्हणू लागले. त्यांच्या बायकोला मात्र मामी. मामी तमिळ होत्या, मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना मराठीचं अक्षरही येत नव्हतं, त्यामुळे नवरा-बायकोचा सगळा संसार तमिळमध्ये चाले.

पाच ते सहा ही वेळ रायरनी ठरवलेली नव्हती. ती शेजारच्या पाट्टींनी, म्हणजे आजींनी, तीस वर्षांपूर्वी ठरवून दिली होती. पाट्टी दुपारच्या झोपेतून पाचला उठत आणि सहाला त्यांची मालिका लागे. मधला तास त्यांनी रायरना दिला होता. रायरनी तळमजल्यावरच्या खोलीला चारी बाजूंनी काथ्याच्या जाड चटया ठोकल्या होत्या, तरी आवाज बाहेर यायचाच. एका रजेच्या दिवशी मी तो वरून पहिल्यांदा ऐकला. आधी गिटार घरघरली, मग ड्रम, आणि मग असा एक आवाज निघाला की माझ्या हातातली वाटी ओट्यावर पडली. मी खिडकीतून पाहिलं तर पलीकडे पाट्टी अंगणात बसून शांतपणे कॉफी पीत होत्या.

रायर नोकरीने टूलरूममधले कारागीर. अंबत्तूरच्या एका लहानशा कारखान्यात त्यांनी आयुष्यभर साचे बनवले. लेथवर काम करताना बोटांना इजा होऊ नये म्हणून ते इतके जपत, की बरोबरचे लोक त्यांना नवरी म्हणायचे. त्यांचा बँड तिघांचा, आणि तीस वर्षं तेच तिघे. बेस गिटार वाजवणारे एका शाळेत भूगोल शिकवत, आणि वर्षभरात मी त्यांच्या तोंडून चारसुद्धा वाक्यं ऐकली नसतील. ड्रम वाजवणारे ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यात ब्रेक तपासायचे. कधी कॉलेजात, कधी हॉटेलात, कधी कुणाच्या गच्चीवर त्यांचे कार्यक्रम होत. नाव म्हणावं तसं झालं नाही. पण एक कार्यक्रम त्यांनी तोवर कधी चुकवला नव्हता. तो म्हणजे आयुधपूजेचा.

नवरात्रात तिकडे सगळ्या कारखान्यांत यंत्रांची पूजा होते. रायर मला त्यांच्या जुन्या कारखान्यात घेऊन गेले होते. दाराला केळीचे खांब बांधलेले, लेथना चंदन-कुंकू, कामगार नवे शर्ट घालून आलेले, प्रत्येकाच्या हातात चुरमुरे आणि गुळाचा पुडा. भटजींनी आरती केली, दारात कोहळा फोडला, आणि घंटेचा आवाज विरतो न विरतो तोच दोन लेथच्या मधल्या जागेत रायर गिटार घेऊन उभे राहिले. वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडलेली. पॅकिंगमधल्या एका बाईंनी न विचारताच माझ्या हातात कापसाचे दोन बोळे ठेवले. पुढची चाळीस मिनिटं पायाखालची फरशी थरथरत होती. शेवटच्या गाण्यात रायर एक स्वर वर वर नेत गेले, तो किंकाळीत फुटला, आणि ती किंकाळी त्यांनी इतका वेळ धरली, की मागे उभे असलेले कामगार तोंडाने आकडे मोजू लागले. ती त्यांची दरवर्षीची गंमत होती.

परतताना लोकलमध्ये त्यांनी कसं वाटलं विचारलं. मी खरं ते सांगितलं, की शब्द कळले नाहीत.

"नकोत कळायला," ते म्हणाले. "वर्षभर यंत्रें ओरडतात आणि हे लोक ऐकतात. एक दिवस ह्यांच्या वतीनें कुणीतरी यंत्रांवर ओरडायला हवें."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांचा घसा बसला. आधी आम्ही सगळ्यांनीच दुर्लक्ष केलं. गाणाऱ्याचा घसा बसायचाच. पण महिना झाला, दोन झाले, सकाळी त्यांच्या तोंडून नुसती हवा यायला लागली. मामींनी एक दिवस वर येऊन मला सांगितलं, की हे दवाखान्यात यायला तयार नाहीत, तू मराठीत सांगून बघ. मी सांगितलं. ते ऐकून घेत राहिले आणि शेवटी म्हणाले, की डॉक्टर घशात कॅमेरा घालील, आणि मग काय दिसलं ते मला कळेल, त्याचं काय करायचं? मी म्हटलं, न बघताही ते तिथे आहेच. यावर ते उठले आणि चपला घालून आले.

कॅमेऱ्यात स्वरतंतूवर एक गाठ दिसली. तुकडा तपासायला गेला. तो अहवाल येईपर्यंतचा आठवडा मला अजून आठवतो. मामी दिवसभर स्वयंपाकघरात काहीतरी करत राहायच्या आणि खायला कुणालाच सुचायचं नाही. अहवालात ज्याची भीती होती ते काही निघालं नाही. पण गाठ काढावी लागणार होती, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की आवाज परत येईल, बोलता येईल, जपून गाताही येईल, वरचे स्वर मात्र गेले असं समजा. किंचाळायचं तर अजिबात नाही, नाहीतर आहे तोही आवाज जाईल. रायरनी एकदा विचारलं, अगदी थोडं? डॉक्टर म्हणाले, अगदी थोडंही नाही.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी त्यांनी गिटारच्या सगळ्या तारा सैल केल्या. माणूस विश्रांती घेतो तर वाद्यालाही द्यावी, म्हणाले.

नंतर दोन आठवडे एक शब्द बोलायचा नव्हता. मामींनी शाळेतली जुनी पाटी काढून दिली. मामींशी ते तमिळमध्ये लिहीत. माझ्याशी लिहायचं म्हटलं की मराठीतच लिहीत, पण अक्षरं तमिळ, कारण देवनागरी ते कधी शिकलेच नव्हते. ती अक्षरं मला येत नव्हती. मग मामी ती पाटी मोठ्याने वाचत, एक शब्द न कळता, तमिळ उच्चारांत, आणि ऐकून मला अर्थ लागे. मग मी मामींना तो हिंदीत आणि मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सांगे. एकदा अशा मोठ्या खटाटोपाने जे वाक्य बाहेर आलं ते असं होतं, की आज सांबारात मीठ कमी आहे, पण हिला सांगू नका. मामी ते स्वतःच खणखणीत आवाजात वाचून गेल्या होत्या. त्या आठवड्यातलं ते आमचं पहिलं हसणं. रायर आवाज न करता हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

तिसऱ्या आठवड्यात पाट्टी काठी टेकत फाटकाशी आल्या. पाच वाजलेले कळत नाहीत, कॉफी कधी करायची ते समजत नाही, असं त्यांनी मामींना तक्रारीच्या सुरात सांगितलं. रायर आतून ऐकत होते.

आवाज परत आला तो असा, की तो त्यांचा आहे हे त्यांनाच पटेना. जाडसर, खालचा, कडेने फाटलेला. आवाजाचे व्यायाम शिकवायला दवाखान्यात एक तरुण बाई होत्या. त्यांनी रायरना पाण्याने अर्धा भरलेला पेला दिला आणि नळी घालून त्यातून बुडबुडे काढत स्वर म्हणायला सांगितलं. ज्या माणसाने तीस वर्षं कारखान्यांच्या काचा हलवल्या, तो रोज सकाळी पेल्यात गुडगुड करत बसायचा. एका वेळेला वीस मिनिटं, दिवसातून तीनदा, एकही न चुकवता. गिटारला मात्र हात लावत नव्हते. खोलीला कुलूप होतं आणि किल्ली मामींच्या पदराला.

त्या बाईंनी आणखी एक गोष्ट शोधून काढली. त्यांनी रायरना इंग्रजीत आकडे म्हणायला लावले, तर घसा आवळला जाई. तमिळमध्ये जरा बरं. सहज म्हणून त्यांनी विचारलं, घरी लहानपणी काय बोलायचात? रायरनी आईच्या मराठीत एक ते वीस म्हटलं, आणि आवाज आपोआप खाली उतरून स्थिर बसला. रोज दहा मिनिटं या भाषेत निवांत बोला, असं त्यांनी लिहून दिलं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मामींना मराठी येत नव्हतं. उरले मी.

तेव्हापासून बँकेतून आले की मी चहा घेऊन खालच्या ओसरीत बसायची. त्यांचं सगळं आयुष्य मला त्या दहा-दहा मिनिटांत कळलं, तेही मागचंपुढचं न जुळवता. पहिली गिटार त्यांना पेरंबूरच्या एका अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरने दिली होती. तो कायमचा ऑस्ट्रेलियाला निघाला होता, आणि जहाजात ती ओली होईल याची त्याला धास्ती वाटली. आईने व्हायोलिनचा वर्ग लावला होता. रायर व्हायोलिनच्या पेटीत वही-पुस्तकं घालून निघत आणि गिटार शिकून येत. मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीने बँडला बोलावून हिंदीत गायला सांगितलं, तेव्हा तिघे दोन दिवस तिथे राहिले, समुद्र पाहिला आणि परत आले.

आणि सिनेमा. कोडंबाक्कमच्या स्टुडिओत त्यांना कित्येक वर्षं बोलावणं यायचं, पण गाण्यासाठी नाही. खलनायक कड्यावरून पडला की किंकाळी रायरची. मोटार दरीत गेली की आतला आवाज त्यांचा. पडद्यावर नाव कधीच आलं नाही. टीव्हीवर जुना सिनेमा लागला, की मामी हातातलं काम टाकून थांबत, माणूस पडेपर्यंत बघत, आणि हे आमचे, असं म्हणून पुन्हा कामाला लागत.

हे सांगून झाल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आतां कोण पडेल त्यांनीं आपापलें ओरडायचें."

याच सुमारास ड्रमवाले भेटायला आले. रायरनी त्यांना सांगितलं, की आता हळू आवाजात काहीतरी बसवू, तूही काठ्यांऐवजी ते मऊ वाजणारे तारांचे ब्रश घे. खोली उघडली, गिटार न घेताच, नुसतं गुणगुणून आणि ब्रशवर, दोघांनी तासभर प्रयत्न केला. मग ड्रमवाले बाहेर आले आणि हेल्मेट घालून उभे राहिले. मी ओसरीतच होते. ते रायरना म्हणाले, की कारखान्यात दिवसभर मी ब्रेक दाबतो. इथे मला तो दाबता येत नाही. मी येणार नाही, रागावू नकोस. तीस वर्षांची मैत्री, पण रायर एवढंच म्हणाले, की सावकाश गाडी चालव. नंतर कुलूप त्यांनी स्वतः लावलं.

त्यानंतर दोन महिने कुणी आलं-गेलं नाही. आमची दहा मिनिटं तेवढी चालू होती. एका संध्याकाळी मी गेले तर खोलीचं दार उघडं. कोळ्याची जाळी काढायला मामींनी उघडलं होतं. रायर बोलता बोलता आत गेले आणि गिटार घेऊन बाहेर येऊन बसले, मांडीवर मूल घेतात तशी ती धरून. मला सांगत होते आईच्या रसवांगीची गोष्ट, म्हणजे वांग्याची त्यांच्याकडची आंबट भाजी. सांगतासांगता सहज तारांवरून हात फिरला. तारा अजून सैलच होत्या. जो आवाज निघाला तो तारेचा वाटेना. जमिनीखालून एखादी मालगाडी जावी तसा तो होता. रायर बोलायचे थांबले. मग तेच पुढचं वाक्य, वांग्याचंच, त्यांनी त्या आवाजाबरोबर म्हटलं. बोलण्याच्या आवाजात, वर न जाता. पुन्हा तार छेडली, पुन्हा म्हटलं. दोन्ही एकाच जागी बसत होते.

"हें खालीं होतें," ते हळूच म्हणाले. "मी आपला वर शोधत होतों."

पुढचे कित्येक दिवस ते झपाटल्यासारखे होते. नुसत्या सैल तारा झणझणत, सूर धरत नसत. त्यासाठी जाड तारा हव्या होत्या, आणि जाड तारा गिटारच्या मानेवरच्या खाचांत मावेनात. ते अंबत्तूरला जुन्या कारखान्यात गेले, एक दिवस मशीन मागून घेतलं आणि पितळेची नवी खाचपट्टी स्वतः कापून, घासून, चकचकीत करून आणली. खिशातून काढून मामींना दाखवली, तेव्हा मामींनी ती दागिन्यासारखी तळहातावर घेऊन पाहिली. जुनी गाणी त्यांनी एकेक करून खाली आणली. दोन नवी केली. त्यातलं एक मराठीत, त्यांच्या आईच्या मराठीत. त्यातले शब्द मला सगळे कळले.

बेसवाले एका निरोपासरशी आले होते. ड्रमवाल्यांना बोलावणं मात्र मामींनी केलं. ते आले, पण बसले नाहीत. हेल्मेटसुद्धा न काढता दारात उभे राहिले. रायरनी गिटार उचलली. त्यांनी तारांवर एकच आघात केला. खोलीतल्या चटयांमधून तीस वर्षांची धूळ झडली. माझ्या छातीत तो आवाज आधी पोचला आणि कानांत नंतर. पूर्वीपेक्षा तो कितीतरी जड होता. मग ड्रमवाल्यांनी हेल्मेट काढून खुंटीला लावलं, आत जाऊन स्टुलावर बसले आणि विचारलं, "याच्यावर ब्रश चालेल असं तुला कुणी सांगितलं?"

पहिला कार्यक्रम जानेवारीत झाला, नुंगंबाक्कममध्येच, एका पुस्तकांच्या दुकानावरच्या लहान सभागृहात, संध्याकाळी सहाला. शंभरेक माणसं असतील. जुने ऐकणारे होते, अंबत्तूरचे कामगार होते, आणि कॉलेजातली बरीच मुलंमुली. दवाखान्यातल्या त्या बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी सहा गाण्यांची परवानगी दिली होती, सातवं नाही. मामी त्यांच्या शेजारी, हातात गरम पाण्याचा थर्मास.

सहावं गाणं तेच जुनं होतं, ज्याच्या शेवटी किंकाळी यायची. जुन्या लोकांना ते ठाऊक होतं. मागे कुजबुज थांबली. मला वाटलं, आता हे काय करतील? गिटारवर वाजवतील? की शेवट बदलला असेल? ती जागा आली तेव्हा रायर माइकपासून एक पाऊल मागे सरले. ड्रम थांबला, बेस थांबला. पूर्ण शांतता. कामगारांपैकी कुणीतरी सवयीने आकडे मोजू लागला होता, तोही थांबला. मामींनी डोळे मिटून घेतले होते. मग रायर पुढे आले आणि खालच्या, फाटक्या, स्थिर आवाजात त्यांनी पुढची ओळ घेतली. मागून ड्रम असा कोसळला, की खुर्च्या हलल्या.

नंतर मी विचारलं, ती जागा रिकामी का ठेवली. ते म्हणाले, "तिथें जें होतें तें होतें. दुसरें कांहीं आणून भरायचें नाहीं. पुढें जायचें."

लोक भोवती जमले होते. कुणी पाया पडत होतं, कुणी फोटो काढत होतं. दवाखान्यातल्या बाई गर्दीतून पुढे आल्या आणि रायरना त्यांनी तिथेच एक ते वीस म्हणायला लावलं, आईच्या भाषेत. गर्दी गप्प झाली. रायर शाळेतल्या मुलासारखे हात मागे घेऊन म्हणत राहिले. बाई मान तिरकी करून ऐकत होत्या. वीस झाल्यावर त्यांनी विचारलं, दुखतंय? रायर म्हणाले, नाही. ओढल्यासारखं वाटतंय? नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी आठ गा."

रायरनी मान डोलावली. मग मामींकडे वळून त्यांनी हा आकडा तमिळमध्ये सांगितला, जणू तो मामींनी ऐकलाच नव्हता.